पित्ताच्या खड्यांचा बंदोबस्त

४ मार्च, सकाळी

आजपासून मी रोजनिशी ठेवणार. मी सांगायचं, सूनबाईनं लिहायचं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे काल काय बोलले ते आज वाचून पस्तावायची भानगड नाही. हा फार मोठा फायदा आहे. शिकलेल्यांना तो मिळत नाही.

काल जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली. तिथून पाठीत गेली, खांद्यामागे जाऊन बसली. मला बसवेना, निजवेना. ओकारी झाली. गॅस आहे. माझा गॅस मी ओळखते, जन्मभराचा परिचय आहे. सून म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. तिला काय, शिवणाचं दुकान बंद ठेवायला निमित्तच हवं असतं. तशी ती सुट्टीच्या दिवशीही मशीनवर बसते, पण ते इथे लिहायचं कारण नाही. पेन का हलतंय?

संकल्प : तळलेलं बंद. आजपासून.

४ मार्च, संध्याकाळी

समोरची इस्त्रीवाली गरमागरम बटाट्याचे काप घेऊन आली. माणसाचं मन मोडू नये. तळलेलं उद्यापासून बंद.

७ मार्च

पुन्हा कळ. मुलानं मला गठ्ठ्यासारखं उचलून गाडीत घातलं आणि सोनोग्राफीला नेलं. पोटावर गार जेली फासून इस्त्री फिरवावी तसं यंत्र फिरवतात. सुरकुती एकही गेली नाही. पित्ताशयात खडे निघाले. एक नाही, वस्तीच.

डॉक्टर कालपरवा कॉलेजातून सुटल्यासारखा, पण समजावून सांगतो छान. म्हणे पित्त लिव्हर बनवतं, पित्ताशय म्हणजे नुसती साठवायची पिशवी. तेलकट खाल्लं की पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात जातं. खडा तोंडाशी अडकला की कळ. औषधानं विरघळतील याचा भरवसा नाही, तेव्हा दुर्बिणीनं पिशवीच काढू. चार बारीक भोकं, बस.

मी म्हटलं, म्हणजे खिसाच की. खिशात खडे झाले म्हणून कोणी खिसा कापून फेकतं का? शिवण उसवा, खडे झाडा, परत टीप मारा. दोरा मी देते. ते म्हणाले, आजी, हा खिसा पुन्हा खडे करणार. मी म्हटलं, मग कापडात दोष आहे. ते म्हणाले, तेच सांगतोय. म्हणजे माझा मुद्दा त्यांना पटला.

ऑपरेशन महिनाअखेरीनंतर करू असं मी ठरवलं. बँडमास्तरांच्या सगळ्या मंडळींचे कोट आहेत, पिवळे, लाल काठाचे. महिनाअखेरीला त्यांचा कार्यक्रम. आमच्या दुकानात मास्तर मी आहे. कापड मी बेतते, मशीन सून चालवते. मापं मी लिहीत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक सुतळी, तिला छाती-कंबर-बाहीच्या गाठी, आणि सुतळ्या दारामागच्या खिळ्यांवर. कुठली गाठ कशाची ते फक्त मला कळतं. सून केव्हाची म्हणते, आई, टेपनं घेऊन लिहून ठेवू. म्हणजे मग माझी गरज काय? असं ती म्हणाली नाही, पण म्हणायला किती वेळ लागतो.

१२ मार्च

इस्त्रीवालीच्या मावससासूला जालीम उपाय माहीत होता. निजताना कपभर तेल आणि त्यात लिंबाचा रस, मग उजव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी खडे आपोआप बाहेर. लोक डोळ्यांत तेल घालून जागतात, मी पोटात घालून जागले.

१३ मार्च

फत्ते. हिरवे, गुळगुळीत, वाटाण्याएवढे खडे पडले. पुरावा म्हणून बटणांची बरणी रिकामी करून तिच्यात ठेवले. सून नाक मुरडत लिहितेय. मुरड, पण लिही. ऑपरेशनची फी मिळवणाऱ्यांचे चेहरे आता बघण्यासारखे होणार.

दुपारी बटाट्याचे काप. आता अडचण कसली?

१५ मार्च

बरणी डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी झाकण उघडून लगेच लावलं, मग धीर करून परत उघडलं. एका काडीनं एक खडा दाबला. तो चपटा झाला. म्हणाले, आजी, हा साबण आहे. तेल आणि रस पोटात गेले की असा गोळा बनतो. पुन्हा सोनोग्राफी केली. आतले सगळे खडे जागच्या जागी हजर.

मी म्हटलं, निदान आतून धुऊन तरी निघाले.

ते हसले नाहीत. म्हणाले, एखादा खडा घसरून मुख्य नळीत अडकला तर कावीळ होईल, ताप येईल, जिवावर बेतेल. आमच्या घरात बेतायचं काम मीच करते, तेव्हा मी काही घाबरले नाही. सून घाबरली. घरी येईपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही, जशी काही मीच घसरणार होते.

संकल्प : सगळे कोट बेतून झाले की स्वतःहून ऑपरेशनला जायचं. तोवर फक्त पेज आणि उकडलेलं. बटाटाही उकडलेलाच.

२० मार्च, दुपारी

बँडमास्तरांच्या कापडाचा रंग कच्चा आहे. त्या व्यापाऱ्याला बोललं पाहिजे. दिवसभर पिवळं कापड हाताळून माझे तळवे पिवळे झाले. सून म्हणते डोळेही पिवळे आहेत. होणारच, बेतताना डोळे कापडाजवळ न्यावे लागतात. अंगाला खाज सुटली आहे, तीही त्या कापडाचीच. लघवी काळ्या चहासारखी होते. त्याचा कापडाशी काय संबंध ते अजून बसवायचं आहे.

२० मार्च, संध्याकाळी

हुडहुडी भरली. कात्री हातात नाचायला लागली. निम्मे कोट बेतायचे राहिलेत. मी म्हटलं, कापड गादीवर आणून दे, इथून बेतते. माझ्याशिवाय होणार आहे का? बँडमास्तर ऐनवेळी उघडे वाजवतील आणि दुकानाचं नाव जाईल.

सुनेनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. लग्न होऊन आली तेव्हापासून आज पहिल्यांदा. म्हणाली, "आई, कोट बिघडला तर मी उसवून परत शिवेन. तुम्हाला कुठून उसवू?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. दात वाजत होते म्हणून देता आलं नाही.

२२ मार्च, हॉस्पिटल

डॉक्टरांचा खडा नळीत सापडला. माझा म्हणायचा नाही, भविष्य त्यांनी वर्तवलं होतं. गुंगी देऊन तोंडातून नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. पोटातून पुढे जाऊन पित्तनळीचं तोंड जरा रुंद केलं आणि खडा ओढून काढला. तुंबलेल्या पित्ताला वाट झाली. ताप उतरतोय. अँटिबायोटिक सलाइनमधून चालू आहे.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, थोडक्यात वाचलात. मी म्हटलं, मी कायम वेळेवरच असते. सून खिडकीबाहेर बघत राहिली, मग पदराला नाक पुसलं. सर्दी झाली असणार. रात्रभर खुर्चीत बसते, दिवसा दुकानात जाते. दुकान बंद आहे तरी जाते. बंदच असणार. बेतायला आहे कोण?

२५ मार्च

काल पित्ताशय काढलं. जाताना काही म्हणालं नाही. आज पट्टी बदलताना मी टाके बघितले. अंतर सारखं, ताण बरा, त्या डॉक्टर पोरानं कुठेतरी शिवण शिकलेली दिसते. पण दोरा म्हणे आपोआप विरघळतो. शिवण विरघळणार याची गॅरंटी देणारा दोरा आमच्या दुकानात कोणी आणला तर त्याला पायरीवरूनच परत पाठवीन. डॉक्टर म्हणाले, तोवर कातडी स्वतःच जुळते, आजी, तुमच्या कापडाला ते जमत नाही. या मुद्द्यावर मी विचार करून उत्तर देणार आहे.

खरे खडेही दाखवले. कडक, तपकिरी, बाटलीत वाजतात. साबण कसा वाजेल.

२८ मार्च

घरी आले. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. कात्री जडमध्ये येते असं मुलानं ठरवलं. तेलकट हळूहळू सुरू करायचं. पित्त आता थेट आतड्यात उतरतं, साठवण नाही. म्हणजे रोज आणा, रोज खा.

दुकान उघडं होतं. सगळे कोट इस्त्री करून ओळीनं टांगलेले. सुनेनं सुतळ्यांना हात लावला नाही. उरलेल्या कोटांसाठी बँडच्या एकेका माणसाला बोलावून टेपनं नव्यानं मापं घेतली आणि स्वतः बेतलं. चूक सापडणारच म्हणून मी एकेक कोट उलटा करून बघितला. खांदे बसलेत. बगल बसली आहे. एका ठिकाणी दोरा लोंबत होता, तो मी ओढला. तो माझ्याच गाउनचा निघाला.

१ एप्रिल

बँडमास्तर दुकान उघडायच्या आधीच दारात. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वरचा सूर फुंकताना पोटावरचं बटण उडालं नाही. मी त्यांना नेहमी सांगायचे, तुमच्यात वाराच फार. गाठी बरोबर होत्या. त्यांचं लग्न व्हायच्या आधीच्या होत्या, एवढंच. गाठ तिथेच राहिली, माणूस वाढला, याला मी काय करू?

ते हे सगळं सुनेशी बोलत होते. माझ्याशी तब्येतीचं बोलले.

५ एप्रिल

संकल्प : अंगात जरा ताकद आली की बेतणं पुन्हा माझ्याकडे. सुनेला आज तसं बजावलं. ती म्हणाली, हो आई. पटकन म्हणाली. वाद घालायची तिची सवय गेली आहे, तिचीही तब्येत दाखवायला हवी.

८ एप्रिल

आज दुकानात जाऊन बसले. डॉक्टरांनी बसायला मनाई केलेली नाही. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले, कारण माझ्या स्टुलाला पाठ नाही. तिथून दुकान बरंच मोठं दिसतं.

दुपारी एक बाई कापड घेऊन आल्या. नव्या होत्या, ओळखीच्या नव्हत्या. दारातूनच विचारलं, मास्तर कुठे आहेत?

मी उठायला लागले. भोकं अजून ओढतात, हात टेकून बेताबेतानं उठावं लागतं. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "बोला." तिनं टेप गळ्यात टाकला, आणि बाई बोलायला लागल्या.

मी अर्धी उठलेली होते. तशी तहानही लागलीच होती. पाणी प्यायले आणि बसले.