तुमचा डबा लॉकपमध्ये गेला तो दिवस

बाबा, सगळ्यात आधी आली ती समोरची शेजारीण, धापा टाकत. "गो, तुझी भयन पोलिसांच्या गाडीत बसून आलीय. काय केलंन काय तिनं?" मी पापड वाळत घालत होते, तशीच हात न धुता ओट्यावर आले. बघते तर आपली धाकटी, गाडीत पुढच्या सीटवर. नवी साडी, केसात गजरा. रामवाडीची सगळी आळी बघत उभी आणि हिला उतरायची घाई नाही. रोह्याहून पेणपर्यंत पोलिसांनी मानानं आणली तिला. मी तुमची थोरली लेक, मला या वयात एस्टीत दांडा धरून जावं लागतं.

मागून एक मॅडम उतरल्या, खांद्यावर तारे, वयानं माझ्या नातीएवढ्या. रोह्याच्या ठाण्याची नवी इमारत झालीय म्हणे. तिथं भिंतीवर जुन्या पोलिसांचे फोटो लावायचेत आणि खाली घरच्यांनी सांगितलेली एकेक आठवण, सांगणाऱ्याच्या नावासकट. ठाणं कुठून कुठवर आलं ते लोकांना कळावं म्हणून. तुमचा फोटो धाकटीनं देऊन टाकलेला, मला न विचारता. वर मॅडम मला म्हणतात, "आजी, तुम्हालाही काही आठवतंय का?" तुम्हालाही, म्हणे.

मग मी जी बोलायला लागले ती थांबले नाही. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. ठाणं म्हणजे तेव्हा दोन कौलारू खोल्या, एक सायकल आणि विटेवर टेकवलेलं टेबल. वरच्या साहेबाचा फोन आला की तुम्ही खुर्चीतून उठून उभ्यानं बोलायचात, जसं काय तो बघतोय. मॅडम हसल्या. त्यांच्याकडं आता कॅमेऱ्यांचीच वेगळी खोली आहे, बाया पोलीस आहेत, त्यांना बसायला वेगळी जागा आहे. मी म्हटलं, आमच्या वेळी बाईमाणूस ठाण्यात जायचं ते डबा घेऊन, आणि ती मी. लॉकपमधल्या माणसांचं जेवण आपल्याच चुलीवर व्हायचं ना. तुमच्या डब्यात बोंबील, त्यांच्या डब्यात भाकरी आणि वालाचं पाणी. कुंडलिका नदीला पाणी चढलेलं असलं तरी दुपारी दोन्ही डबे हातात घेऊन मीच निघायची.

आणि मग ती गोष्ट सांगितली. डबे उलटे गेले ती. मिठागरावर मारामारी करून आत बसलेला माणूस तुमचे बोंबील खातोय आणि तुम्ही बाकावर बसून त्याचं वालाचं पाणी पिताय. पोर डबा परत मागायला निघाली तर तुम्ही दटावलंत, "ज्याच्या हातात दिलास त्याचा झाला. माणूस जेवताना ताट ओढतात काय?" संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणालात, "ते मी आज चाखलंय. उद्यापासून दोन्ही डब्यांत एकच घाल." तुम्ही होतात तोवर ते तसंच चाललं.

मॅडमनी पेन थांबवलं. म्हणाल्या, "हीच गोष्ट यांनीपण सांगितलीय. पण डबा स्वतः नेला, असं त्या म्हणतात."

"मीच नेला होता, ताई," धाकटी म्हणाली.

"तू? तू पाळण्यात होतीस गो. तुला काय आठवणार?"

"पाळण्यात नाय हां. परकर नेसायची मी."

"आईनं सांगून सांगून पाठ झालंय तुला."

मॅडमनी तिचं नाव खोडलं, माझं घातलं. थोरल्या बहिणीचं कोण खोटं म्हणणार. धाकटी चहातला बिस्किटाचा तुकडा चमच्यानं काढत बसली. जाताना गाडीत मागं बसली.

बाबा, मी त्या दिवशी घरी होते. पोट दुखतंय म्हणून पडले होते, दुखत नव्हतं. मला वाटलं एक दिवस मी नसले की तुम्ही विचाराल, थोरली का नाही आली. तुम्ही विचारलं नाहीत. उलट धाकटीला खांद्यावर घेऊन आलात, म्हणालात, हिच्यामुळं मला लॉकपचं जेवण कळलं, आणि अंगणात तिला तुमची शिट्टी फुंकायला दिलीत. तिनं फुंकून फुंकून कान किटवले. मला कधी दिली नाहीत. मीही मागितली नाही. इतकी वर्षं डबे मी नेले, तिनं एकदाच नेला, आणि सांगण्यासारखा दिवस तोच निघाला.

नातीच्या वहीचं पान घेऊन हे लिहितेय. तिला सांगितलंय पापडाचा हिशेब आहे. हे कुठं पाठवायचं नाही, आणि धाकटीला तर मी तोंडानं म्हणणारच नाही की परकर नेसायचीस ते खरं. पण तुमच्या फोटोखाली कुणाचं नाव राहणार ते अजून पक्कं व्हायचंय. लिहिलेलं वाचून दाखवायला आणि माझी सही घ्यायला ती माणसं परत येणार आहेत, गुरुवारी.