सोन्याच्या नदीत परात

१२ जुलै २०२०, रविवार
विमान पुन्हा रद्द. तीन महिन्यांसाठी फलटणहून लेकाकडे आयर्लंडला आले ती विकलोच्या या डोंगरात अडकले. आज कळलं, सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथल्या नदीत सोनं सापडलं होतं, लोक कामं टाकून धावले होते. आता गावात सोनार एक नाही, सायकलवाले तीन. माणसं गाडीच्या डोक्यावर सायकल घालून आणतात, डोंगर चढतात, उतरतात, घरी जातात. आम्ही चढायचो ते सरपणासाठी.
लेकाला म्हटलं, सोनं असं संपत नसतं. रणजितने लॅपटॉपमधून मान काढली नाही. आई, तू आराम कर, म्हणाला. मग फोनवर कुणाला तरी हसत सांगितलं, आईचा टाइमपास चाललाय.
ठरलं. कणभर का होईना, काढून त्याच्या लॅपटॉपवर ठेवायचं. आईला कळतं, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी फलटणला जायची नाही.

१३ जुलै
माहेरी मागच्या गल्लीत झारेकरी राहायचे. सोनाराच्या मोरीतला गाळ धुऊन सोनं काढायचे. लहानपणी खूप बघितलंय. म्हणजे येतंच मला.
सून वैदेही दिवसभर टॅलाला, हॉस्पिटलात कामाला. तिची परात घेतली. दिवसभर तिला कशाला लागते?

१३ जुलै, संध्याकाळी
लागते. कणीक मळायला. प्रेसमधली सगळी भांडी बाहेर काढली बिचारीने. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. परात बाथरूममध्ये निघाली, शेवाळासकट. मी म्हटलं, घासणारच होते.

२ ऑगस्ट
पाणी असं गार की हाडं कुरकुरतात. मिळालं ते: वाळू, बाटलीचं झाकण, आणखी वाळू. माझी रीत बरोबर आहे, नदीच वळण चुकली असणार. शेजारची मॉरीन कुत्रं घेऊन भेटली. ग्रँड डे, म्हणाली. धो धो पाऊस होता.

९ ऑगस्ट
चमकलं! पदरात बांधून आणलं. नात सानिका मराठी सगळं समजते, बोलते इंग्रजीत. सॉरी आजी, इट्स जस्ट मायका. अभ्रक निघालं.
असू दे. अभ्रक म्हणजे सोन्याची पाठराखीण. ती आली, नवरी मागोमाग असणारच.

२० सप्टेंबर
घसरले नाही. पाण्यात बसले. स्वतःहून.
घरी आल्यावर बघते तर बोटातलं वेढं नाही. सासूने घातलेलं, नंदकुमार सोनाराकडचं, साधी सोन्याची तार वळून केलेलं, बिनछापाचं. गारठ्याने बोट आक्रसतं, हे आधी कुणी सांगायला नको? वैदेहीने विचारलं तर सांगायचं, बोटं सुजतात, डब्यात ठेवलंय.
कुणी विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर
पुन्हा लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या आत राहायचं. नदी त्याच्या आत आहे, सरकारने तेवढं बघितलं. रोज जाते. वेढं शोधायला नाही, सोनं शोधायला. वेढं मध्येच आलं तर नाही म्हणणार नाही.

६ जून २०२१
एक सायकलवाला नदीत पाय बुडवून बसला होता. त्याच्या पायाच्या बोटांत सोन्याची तार अडकली. वळलेली, जराशी चेपलेली. सगळ्यांच्या फोनवर फोटो. कुणी शहाण्याने लिहिलंय, छाप नाही, हातची घडण, हजार वर्षं तरी जुनी. युअर मॅन इज फेमस, आजी, सानिका म्हणाली. इथे कुठल्याही बाप्याला युअर मॅन म्हणतात.
हजार वर्षं! नंदकुमार अजून दुकानात बसतो.
उद्या सांगते सगळ्यांना.

७ जून
आज सांगणार होते. रणजित लॅपटॉप मिटून माझ्याशेजारी येऊन बसला. सॉरी आई, मी हसलो तुला, म्हणाला. तुला या नदीचं बरोबर कळलं होतं.
वर्षभर एवढ्याचसाठी पाण्यात हात गोठवले. पोरगं चाळीस वर्षं माझ्या हातचं खातंय, हात कधी बघितला नाही.
मी हात पदराखाली घेतला. म्हटलं, आईला कळतं बाबा.

१३ जून, रविवार
अख्खा गाव नदीत. मॉरीनने केक भाजायचं भांडं आणलंय, कुत्र्यालाही उतरवलंय. माझा रणजित गुडघाभर पाण्यात, नवी परात घेऊन, दात वाजताहेत. मी काठावर त्याचे बूट धरून. दर थोड्या वेळाने ओरडून विचारतो, आई, इथे बघू का?
मी म्हणते, जरा पुढे.
दुसरं वेढं माझ्याकडे नाही.