सात हात सरकलेला गडगा

रत्नागिरी, मे २००३

ती. काशीमावशीच्या पायांवर शमिकाचं डोकं,

इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत. बाबा आणि हरिश्चंद्रकाका एका बाकावर बसून चहा पितात, यावरून काहीतरी घडलंय हे तू ओळखलं असशीलच. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून दुखतो का? (घाईने उत्तर लिहू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.)

नववीनंतर मी शाळा सोडली ते तुला माहितीय. हजेरीला नाव पुकारलं तरी माझा आवाज फुटायचा नाही, त्यामुळे वर्गात बसून मी निम्मं वर्ष गैरहजर होते. चित्रांना आवाज लागत नाही, म्हणून बाबांनी मला मारुती मंदिरापाशी सलिलसरांच्या कॉम्प्युटर क्लासला घातलं. सर पूर्वी मुंबईत सिनेमाची कामं करायचे. ते शिकवतात त्याला मॅट पेंटिंग म्हणतात. म्हणजे नट उभा असतो साध्या माळावर, आणि त्याच्यामागचं अख्खं राज्य आपण कॉम्प्युटरवर रंगवायचं. थोडे खरे फोटो जोडायचे, थोडं हाताने काढायचं, पण जोड दिसता कामा नये. मावशी, नको असलेला ढग पुसून दुसरा लावता येतो गो. मला तर रात्री झोपच येईना.

परीक्षेला सरांनी जुन्या राजाची राजधानी करायला सांगितली. मी आपल्या बागेचा फोटो घेतला. मागे सोन्याच्या कळसांचा राजवाडा, कडेला धबधबा, वर दोन चंद्र (एक जास्त झाला, पण शोभत होता) आणि आंब्याच्या कलमांखाली सात हत्ती. फक्त आपल्या नि काकांच्या बागांमधला हद्दीचा चिऱ्यांचा गडगा नेमका एका हत्तीच्या पोटातून जात होता. म्हणून मी तो उचलून सात हात पलीकडे, काकांच्या बाजूला ठेवला. माऊसने. दोन मिनिटंही लागली नाहीत.

प्रिंट आणून भिंतीला लावली. हरिश्चंद्रकाका बाबांचे चुलतभाऊ, वीस वर्षं या गडग्यावरून अबोला. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारता येत नाही म्हणून वर्षातून एकदा येतात, तसे आले. राजवाडा बघितला नाही, हत्ती बघितले नाहीत, बोट थेट गडग्यावर.

"काय गो शमिका, माजी तीन कलमां तुमच्यात गेली कधी?"

तेव्हा बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझं चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, फोटोत दिसतंय ते दिसतंय. झालं. सगळी वाडी मोजायला दोरी घेऊन बागेत. धोंडूआजोबांनी तर साक्षच दिली की गडगा पूर्वी तिथेच होता (त्यांना हत्तीही आठवत होते). काका म्हणाले, पोरीचा क्लास बंद करा, नाहीतर सरकारी मोजणी आणतो. मोजणीत गडगा उलटा सरकायचा, या भीतीने बाबांनी उद्यापासून क्लास बंद असं सांगून टाकलं.

मी एक वाक्य बोलले असते तर मिटलं असतं. पण वीस माणसांसमोर जीभ हलेना. क्लास जाणार म्हणून रडू येत होतं ते वेगळंच. शेवटी काकांचा हात धरला आणि त्यांना एसटीत नेऊन बसवलं. ते इतके चकित झाले की आले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मागोमाग बाबा. क्लासमध्ये दोघांना खुर्च्या दिल्या आणि पडद्यावर गडगा सरकवून दाखवला. इकडे. तिकडे. पाच वेळा.

मग काका हळूच म्हणाले, "गडगो तुमच्या बागेत चार हात जास्त सरकव नि एक प्रत माका दे."

बाबा म्हणाले, माझी आहे तशीच राहू दे.

आता दोन घरांत दोन चित्रं आहेत. दोघंही आपापल्या भिंतीकडे बघून खूश, प्रत्यक्ष बागेत जाऊन कुणी बघत नाही. काकांनी वर दोन हत्ती जास्तीचे मागून घेतले, आणि बाबांना म्हणाले, पोरीला पुढे शिकव, हे काम तलाठ्यालासुद्धा जमत नाही.

तुझी,
शमिका

ता. क. सरांच्या ओळखीच्या मुंबईतल्या स्टुडिओत शिकाऊ घेतात. परीक्षा उद्या दहाला आहे. घेतलं तर सहा महिने तुझ्याकडे राहू का? मी जेवते कमी, जागाही कमी लागते, आणि बोलत तर नाहीच.

आणखी ता. क. आठवडाभर विचार करून कळव, असं लिहिणार होते. पण पाकिटावर तिकीट नाही बघ. हे शेवटचं तुझ्या जिन्यात बसून लिहितेय, आणि पत्र तुझ्या दाराखालून मीच सरकवणार आहे. माझा हात चारदा बेलपर्यंत जाऊन परत आला. बाबा म्हणाले, मी वाजवतो, तर तेही कधीपासून बोट वर धरून नुसते उभे आहेत. (मी कुणावर गेले ते आज कळलं.) दार उघडलंस की काही विचारू नकोस, नुसतं आत घे.