शेऱ्याचा रकाना

दि. ११ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. वहिनींच्या चष्म्याच्या नंबराचा कागद पोचला. दुकानात जरा उसंत मिळाली की काचा मी स्वतः घासून पाठवते. तुझी कंबर कशी आहे? वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणतोस, आणि त्याच पत्रात नळाचे पाइप मीच टाकीन असंही लिहितोस. तुझं तुलाच ठाऊक.

आता उताऱ्याचं. घरपट्टीचा उतारा आठ दिवसांत पाठवते, असं मी लिहिलं होतं. महिना उलटला. फेब्रुवारीअखेर कंपनीची खोली सोडायची आहे, त्याआधी विहिरीकडच्या दोन खोल्यांत नळ हवा, आणि उताऱ्यावर तुझं नाव असल्याशिवाय नळाचा अर्जच घेत नाहीत, हे सगळं माझ्या लक्षात आहे. मी हातावर हात धरून बसलेली नाही. काय काय झालं ते लिहिते, म्हणजे तुला खरं वाटेल.

कर कार्यालय आता तालुक्याला नव्या इमारतीत गेलंय. बसने सव्वा तास. खाली टायरवाला, वर कार्यालय. खिडकीवर एक बाई असते. डोक्यावर पंखा आहे आणि त्याचं बटण बिघडलंय, म्हणून ती शाल पांघरून बसते.

तिने विचारलं, "मालमत्ता क्रमांक?"

मी म्हटलं, "तो माहीत नाही. नावावरून बघा ना."

"नावावरून निघत नाही."

"मग क्रमांक कुठे मिळेल?"

"उताऱ्यावर असतो."

"अहो, उताराच तर हवाय."

"मग क्रमांक आणा."

ती थट्टा करत नव्हती, दादा. तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन बाबांची पत्र्याची पेटी उपसली. एक जुनी पावती सापडली, क्रमांक ३१४. रजा टाकून परत गेले. बाईने ३१४ दाबलं तर कुणाची तरी कोंबड्यांची शेड निघाली. बारा वर्षांपूर्वी सगळे क्रमांक बदलले म्हणे. जुन्या-नव्या क्रमांकांची यादी जुन्या इमारतीत, आणि ती खोली मंगळवारी अन् शुक्रवारीच उघडते. मंगळवारी गेले तर माणूस रजेवर. शुक्रवारी माणूस होता, किल्ली नव्हती. पुढच्या मंगळवारी दोन्ही होती, तर यादीतलं नेमकं आपल्या गल्लीचं पान नाही. "बांधणीला गेलं होतं, तेव्हा गळालं असेल," म्हणाला. पान म्हणजे काय दात आहे का गळायला?

शेवटी शेजारच्या घराच्या क्रमांकावरून आपला काढला. ११२७, पोटक्रमांक दोन. संगणकावर घर दिसतं, खोल्या दिसतात, आकारणी दिसते. नाव मात्र तूर्त माझं एकटीचंच दिसतंय. भरताना राहून गेलं असेल, असं बाई म्हणाली. मूळ रजिस्टर पाहावं लागेल. तिथे तुझं नाव असणारच. फक्त सापडायचा अवकाश.

यांनी सांगितलंय, दादाला लिही की घाई करू नको. मी म्हटलं, घाई त्याला नाही, त्याच्या कंपनीला आहे.

वहिनींना नमस्कार. कंबरेला जप.

तुझी,
धाकटी


दि. २ डिसेंबर, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. थंडी वाढलीय. पार्सल मिळालं असेलच. डावी काच जरा जड वाटेल, दोन दिवसांत सवय होते.

मूळ रजिस्टर पाहायला मिळालं. त्यासाठी तीन आठवडे, दोन अर्ज आणि एक भांडण लागलं. भांडण मीच केलं. किल्लीवाल्याने "रजिस्टर जीर्ण आहे, हाताळता येणार नाही" असं म्हटल्यावर मी म्हटलं, "मग मीही जीर्ण होईपर्यंत इथेच बसते." आणि बसले. दुपारी त्याने कंटाळून एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावून आणलं. ते तिथले निवृत्त कारकून. मागच्याच आळीत राहतात. नव्या लोकांना जुनं अक्षर लागत नाही, म्हणून अजून त्यांना बोलावतात, आणि ते चहावर येतात.

माणूस मोठा सज्जन. रजिस्टर उलगडून एकेक रकाना मला बोट ठेवून समजावला. मालक कोण, राहतो कोण, खोल्या किती, भिंती कशाच्या, आकारणी किती. भिंती मातीच्या असं अजून लिहिलेलं आहे. आपण विटा लावल्या त्याला किती वर्षं झाली. मग म्हणाले, "बाई, लोक पहिला रकाना वाचतात आणि भांडायला येतात. खरी गोष्ट शेवटच्या रकान्यात असते. शेरा वाचावा."

पहिल्या रकान्यात बाबांचं नाव आहे. खाली तुझं, त्याखाली माझं. तुझ्या नावावर तांबड्या शाईची रेघ आहे. आणि शेऱ्यात लिहिलंय, "वारस बेपत्ता. अर्ज क्र. ८८ नुसार नाव कमी."

आता हे कसं लिहू. तू घर सोडून गेलास तेव्हा बाबा किती चिडले होते, ते तू पाहिलंच आहेस. मनात धरून बसायचा त्यांचा स्वभाव. शेवटी शेवटी आजारपणात त्यांनी तसा अर्ज करायला लावला असावा. गेलेल्या माणसाबद्दल आता काय बोलायचं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

नाव परत लावता येतं म्हणतात, पण प्रकरण लांबेल. फेब्रुवारीपर्यंत होईलसं दिसत नाही. तोवर दुसरी काही सोय होते का, तेही बघून ठेव. मी माझ्याकडून प्रयत्न करतेच आहे.

पत्र लहान झालं. दुकानात खूप काम आहे.

तुझी,
धाकटी


दि. १९ डिसेंबर, गुरुवार

दादा,

तुझं पत्र काल आलं. चारच ओळी. "बाबांनीच नाव कापलं असेल तर त्या खोल्यांत मी राहणार नाही. हिच्या भावाच्या गोदामामागे जागा आहे, तिकडे बघतो. तू उगाच खेपा घालू नकोस. बाबांचं बरोबरच होतं."

यांनी ते पत्र वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "आता तरी लिही." एवढंच. चौदा वर्षं हा माणूस गप्प राहिला.

बाबांनी तुझं नाव कापलं नाही. अर्ज क्रमांक ८८ माझा आहे. त्यावर माझी सही आहे. तारीख बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांची आहे. "भाऊ बेपत्ता असून त्याचा पत्ता मला ठाऊक नाही," असं मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. त्या दिवशी तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पाकिटावर तुझा पत्ता होता.

हे मला रजिस्टर बघून कळलं नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी खेपा घालत होते त्या नाव शोधायला नाही, तो अर्ज कुठेतरी हरवला असेल या आशेने. जिथे पानं गळतात आणि किल्ल्या सापडत नाहीत, तिथे माझाच एक कागद कशाला जागेवर पोचेल, असं वाटायचं. कारकूनबुवांनी फाइल काढून दाखवली. अकरा दिवसांत निकाल. त्या कार्यालयाने आयुष्यात एक काम वेळेवर केलं, ते हे.

आणखी एक आहे, ते जास्त जड आहे.

बाबा आजारी पडल्यावर मी तुला पत्र टाकलं आणि ते परत आलं, असं मी तुला सांगितलं होतं. मी पत्र टाकलंच नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "दादाला कळवलंस?" मी म्हणायचे, "कळवलं." ते म्हणायचे, "मग येईल." अकरा महिने. तू मनात धरलंस असं त्यांना वाटायचं, आणि मी तसं वाटू दिलं.

का, ते मलाही नीट सांगता येत नाही. त्यांचं सगळं मी करत होते. उठवणं, धुणं, भरवणं. आणि त्यांचे डोळे दाराकडे. तू आला असतास तर एका दिवसात सगळं तुझं झालं असतं, असं वाटायचं. एकदा तरी त्यांनी माझ्याकडे बघून म्हणावं, की तू आहेस ना, बस. ते काही म्हणाले नाहीत. ते गेल्यावर मला तुझाच राग आला. आपणच केलेल्या पापाचा राग आपण दुसऱ्यावर काढतो, तसा. त्या रागात जाऊन अर्ज दिला. तू आला नाहीस, तर मग तू नाहीसच, असं काहीतरी डोक्यात होतं.

मागच्या पत्रात आणखी एक गोष्ट लपवली. रजिस्टरमध्ये तुझं नाव कधी लागलं, त्याचीही तारीख आहे. कारकूनबुवांनी बोट ठेवून दाखवली. तू घर सोडलंस, त्यानंतर चौथ्या वर्षी. बाबा स्वतः गेले होते. कारकूनबुवांना आठवतंय. त्यांनी बाबांना म्हटलं होतं, "मुलगा इथे नाही, तर नाव कशाला?" बाबा म्हणाले होते, "घरात नाही, म्हणून घराचा नाही का?" मलाच काय, कुणालाच ते बोलले नाहीत. त्या रांगेत उभे राहिले आणि नाव लावून परत आले. आणि मी तुला लिहिलं की ते मनात धरून बसले होते.

तुझ्या पत्रातलं "बाबांचं बरोबरच होतं" हे मी वाचलं आणि आज दुकानात मला काचांचे नंबरच दिसेनात. मालकांना सांगून बस धरली आणि कर कार्यालयाच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे तिशीतली एक मुलगी आहे. तिने फाइल वाचली आणि म्हणाली, "हा अर्ज खोटा होता, असं तुम्ही स्वतः लिहून देताय? याची चौकशी लागू शकते."

"लागू दे."

"कुणी दबाव आणला होता?"

"नाही."

"नीट विचार करा. घरी विचारून या हवं तर."

मी म्हटलं, "चौदा वर्षं विचारच केलाय. कागद द्या."

लिहून दिलं. खिडकीवरच्या शालवाल्या बाईने कागद घेतला, सगळा वाचला, शिक्का मारला. मग पहिल्यांदाच "बसा जरा" म्हणाली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

सुनावणी १४ जानेवारीला आहे, सकाळी अकरा वाजता. तुला ओळखीचा कागद घेऊन स्वतः यावं लागेल. तुझ्यासमोर माझा जबाब वाचून दाखवतील. परक्या माणसाच्या तोंडून तुला ते कळू नये, म्हणून रात्रीच लिहायला बसले. साहेब म्हणाली, हरकत कुणाची नसेल तर त्याच दिवशी नाव लागेल आणि उतारा हातात मिळेल. माझी हरकत नाही, असंही लिहून दिलंय. नळाचा अर्ज दुसऱ्या दिवशी करता येईल.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचा हक्क मी ठेवलेला नाही. तू आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस, तरी चालेल. विहिरीकडच्या खोल्यांना वेगळं दार आहे. आमच्या दारावरून जावं लागत नाही. पण गोदामामागे जाऊ नकोस. आणि बाबांनी तुला टाकलं, असं यापुढे एक दिवसही मनात आणू नकोस. त्यांनी तुझी वाट पाहिली. अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत.

जिने तुला कळवलं नाही ती,
तुझी बहीण