बिनसुट्टीची बाई

आई, तुझा मला अजून राग येतो. आधी हेच लिहून टाकते, म्हणजे पुढं गोड बोलायला नको. तू गेलीस तेव्हा मी चौदाची होते, आता एकोणीसची आहे. मामी म्हणते मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय. आणि ही अक्षरंसुद्धा तूच शिकवलेली, मावशी बेळगावहून आणायची त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, कारण शाळेत आमचं सगळं कन्नडात. तुझा राग तुझ्याच अक्षरात लिहावा लागतोय. त्याचाही राग येतो.

पाय मोडलाय माझा. उजवा, घोट्यापाशी. कोरमंगलाला ॲपवाल्यांचं गोदाम आहे, तिथं मी कामाला. लोक फोनवर दूध, अंडी, डायपर मागवतात, आम्ही रॅकांमधून पळत पळत ते पिशवीत भरतो, दहा मिनिटांत त्यांच्या दारात पाहिजे. तुला आवडलं असतं हे काम. दिवसभर उभं राहायचं आणि कुणाशी बोलायचं नाही. पिशवी भरली की ऑर्डरचे शेवटचे चार आकडे मोठ्यानं ओरडायचे, मग ज्याची ऑर्डर असेल तो डिलिव्हरीवाला येऊन उचलतो. माझ्या तोंडातून दिवसभरात तेवढंच निघायचं, म्हणून त्या पोरांनी माझं नाव सायलेंट ठेवलेलं. आइस्क्रीमच्या थंड खोलीत फरशी ओली होती, हातात दुधाचा क्रेट, घसरले. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि दीड महिन्याची सिक लीव लिहून दिली. मॅनेजर कागद बघून म्हणाला, "इतना लंबा?" जशी काय मी जत्रेला चालले होते.

मामाच्या घरी पडून राहिले तर पहिल्या दिवसापासून कानात तूच. सुट्टी घेतली की जागा गेली. किती वेळा म्हणायचीस हे. गारमेंट फॅक्टरीत तू कॉलर लावायचीस, दिवसभर नुसत्या कॉलरी, आणि तुला वाटायचं तू एक दिवस गेली नाहीस तर जगातले सगळे शर्ट बिनकॉलरचे राहतील. मला कांजिण्या आल्या ते आठवतं? मी दुसरीत. तू उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतेस, पाण्याचा तांब्या ठेवतेस, ताटात भात झाकून ठेवतेस, "खाजवू नको" म्हणतेस आणि बाहेरून कडी लावतेस. मी कडीचा आवाज ऐकते. शेजारच्या काकू खिडकीतून डोकावतात, आत येत नाहीत, त्यांच्याकडं बाळ आहे. भात मी खाल्ला नाही. त्यात मुंग्या झाल्या, मी बघत बसले. फॅक्टरीत तू कुणाला सांगितलं नव्हतंस, कळलं तर तुलाच घरी पाठवतील म्हणून. संध्याकाळी आलीस आणि आधी काय विचारलंस? "रडत होतीस काय? रस्त्यापर्यंत ऐकू आलं असेल की." त्या वर्षी तुला पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळालं. हॉटबॉक्स. पुढच्या वर्षी परत हॉटबॉक्स. कपाटावर तीन झाले, प्लास्टिकसकट, माझ्या लग्नासाठी. घरात माणसं दोन आणि हॉटबॉक्स तीन.

पण कांजिण्यांचं मी सोडून दिलं असतं. शाळेचं सोडणार नाही. तुझ्या पोटात दुखायचं ते तू कुणाला सांगत नव्हतीस. पहाटे उठून मोरीत बसायचीस, नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. घरचं आणि फॅक्टरीचं दोन्ही होईना तुला. दुसऱ्या कुणीही सुट्टी घेतली असती, दवाखान्यात गेली असती. तू काय केलंस? माझी शाळा बंद केलीस. नववीत. मी म्हटलं, टीचर विचारतील. तू पोळपाटावरनं मान वर न करता म्हणालीस, "तू शाळेत तरी कुठं तोंड उघडतेस? तू आलीस काय नि गेलीस काय, कुणाला कळणार?" आई, मला बोलता येत नव्हतं लोकांसमोर, हे काय मी मजेनं करत होते? शेवटच्या बाकावर बसून मला सगळं येत होतं. सायन्सचं तर सगळं येत होतं. टीचरनी विचारलंच नाही, ते तुझं खरं झालं. तुझं नेहमी खरं व्हायचं.

आणि तू गेलीस. तेरावाही झाला नव्हता, मामा म्हणाला फॅक्टरीतनं तिचं सामान घेऊन ये. सिक्युरिटीवाल्यानं मला आत सोडलं. तुझ्या मशीनवर दुसरी बाई बसलेली. दुसरी म्हणजे तुझीच मैत्रीण, जिला तू दर उगादीला, पाडव्याला, पुरणाची होळिगे द्यायचीस. तिनं मला बघितलं आणि खाली बघून कॉलर लावायला लागली. टार्गेट होतं ना तिला. पायानंच तिनं तुझी चप्पल आणि डब्याची पिशवी माझ्याकडं सरकवली. तिचा मला राग नाही आला. तुझा आला. एवढं सगळं यांच्यासाठी केलंस?

तर पाय मोडून पडलेली मी. फोनवर गोदामाच्या ग्रुपमध्ये मेसेज आला, आपलं स्टोअर बंद होणार, सर्जापूर रोडच्या मोठ्या स्टोअरमध्ये काही जणांना घेणार. काही जणांना. खाली कुणीतरी विचारलं, लीववाल्यांचं काय? त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मी तो मेसेज परत परत उघडून बघायची, खाली काही आलंय का. काही नाही. मग मला झोप येईना. मामीच्या ओळखीनं बसवनगुडीत एक दुकान कळलं, चटणीपुडी, मेतकूट, सांडगे, पापड. मालकीण आपल्यातल्याच, जुन्या घरातल्या, मराठी बोलता बोलता मधेच कन्नड. सगळे त्यांना अक्का म्हणतात. बसून करायचं काम होतं, पाकिटं भरायची आणि मशीननं सील करायची, पडद्यामागं. पायाचं विचारलं त्यांनी. घरी पडले म्हटलं. आधी कुठं होतीस? कुठं नाही म्हटलं. "सरी, बरं," त्या म्हणाल्या, "पाय स्टुलावर ठेवून बस." असं करून मी एकीकडं सिक लीववर आणि दुसरीकडं कामावर. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, माझ्या आईनं शिकवलंय.

दुकानाचा मालही ॲपवर जातो. एक दिवस अक्का देवळात गेलेल्या. ऑर्डर आली, मी पाकिटं पिशवीत घातली, पिशवी काउंटरवर सरकवली आणि परत पडद्याआड येऊन बसले. बाहेर गाडी थांबली. मला फक्त गप्प बसायचं होतं. त्यानं फोनवर बघून पिशवी उचलली असती आणि गेला असता. पण माझ्या तोंडातून, गोदामातल्यासारखं, खणखणीत निघालं, "फोर सेवन झीरो नाइन!"

चटणीपुडीच्या दुकानात असं कोण ओरडतं, आई? कुणी नाही. पडदा बाजूला झाला. कोरमंगलाचाच पोरगा, हेल्मेट घातलेला. "अरे सायलेंट! तू इधर?" मग पायाकडं बघितलं. "तू तो लीव पे है ना? पैर टूटा, काम नहीं टूटा?"

"किसीको मत बोलना," मी म्हटलं.

"मैं? मैं खुद दो फोन पे दो कंपनी चलाता हूँ. मेरे को क्या." हसला. "पर तेरी आवाज तो एक नंबर है हाँ, सिग्नल तक गई होगी."

त्याच्या मागं अक्का उभ्या होत्या, हातात प्रसादाचा द्रोण. तो गेल्यावर म्हणाल्या, "कुठली लीव गं?" मी खाली बघितलं. सगळं सांगायला मला बराच वेळ लागला. शेवटी म्हणाल्या, "आधी तिकडचं काय ते मिटवून ये. मग बघते तुझ्याकडं."

पोरानं कुणाला वाईट म्हणून सांगितलं नसेल, हसायला म्हणून सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. रिक्षानं गेले. गोदामातले निम्मे रॅक रिकामे झालेले. मॅनेजर खुर्चीवरून उठला नाही आणि मला बस म्हणाला नाही. "सिक लीव में दूसरा जॉब. मालूम है इसको क्या बोलते हैं? मैं ऊपर बोलूँ तो?" मग आवाज बारीक करून, "तेरे फोन पे रेझिग्नेशन का फॉर्म आया है. ओके दबा दे. तू भी खुश, मैं भी."

मी म्हटलं, "सर, पैर यहीं टूटा था." दबक्या आवाजात नाही, आकडे ओरडते त्या आवाजात. पिशव्या उचलणारी पोरं थांबून बघायला लागली. तो इकडंतिकडं बघायला लागला. मग मी विचारलं, मी घरीच पडून राहिले असते तर सर्जापूर रोडला घेतलं असतं का मला? तो काहीतरी बोलणार होता, पण बहुतेक पोरं बघत होती म्हणून खोटं बोलला नाही. "देख, तेरा नाम तो पहले ही कट गया था. जिस दिन तू लीव पे गई."

मी ओके दाबलं. नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं. रिक्षात बसल्यावर रडू आलं ते नोकरीसाठी नाही. तू परत बरोबर निघालीस म्हणून. एकदा तरी चुकायचं होतंस. पाच वर्षं मी हेच धरून बसलेय, की तू चुकीची होतीस, एक दिवस सुट्टी घेऊन दवाखान्यात गेली असतीस तर जागाही राहिली असती आणि तूही. आता ते म्हणायची सोय या माणसानं ठेवली नाही.

अक्कांना येऊन सांगितलं, मिटलं. त्या सांडगे वाळत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "खोटं बोललीस ते बोललीस, त्याचं मी नंतर बघेन. पण ताज्या मोडलेल्या पायाच्या पोरीला मी कामाला बसवलं, हे लोक माझ्याबद्दल काय बोलतील? जा घरी. प्लास्टर निघेपर्यंत इथं दिसायचं नाही."

"अक्का, मी बसून तर करते."

"स्वल्प ऐक की. जागा कुठं जात नाही तुझी."

ऐकायला बरं वाटलं. पण खरं नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसले, प्लास्टरला पिशवी बांधून. अक्का किल्ली घेऊन रिक्षातून उतरल्या, मला बघून कपाळाला हात लावला, "अय्यो, काय पोर आहे!" आणि तीच रिक्षा थांबवून मला परत पाठवलं. रिक्षावाल्याला बजावलं, घरापर्यंत सोडा, मधे उतरवू नका. रिक्षात मला तुझा इतका राग आला, आई. घरी बसायलासुद्धा येत नाही मला. ते तू शिकवलंच नाहीस.

हे कुठं पाठवायचं नाही, तुला पत्ता नाही. फाडून टाकीन बहुतेक. पण एक गोष्ट मामीलाही सांगितली नाही, ती लिहिते. आज सकाळी मी दुकानात फोन लावला. मामाच्या फोनवरून, आवाज बदलून, म्हातारीसारखा. विचारलं, मेतकूट आहे का? मला मेतकूट नको होतं. माझ्या जागेवर कोण बसलंय ते बघायचं होतं.

अक्का म्हणाल्या, "आहे, पण पाकिटात नाही मिळणार. भरणारी मुलगी रजेवर आहे. घरनं डबा आणा, सुटं देते."

मी फोन ठेवला. मग दुपारी परत लावला, आणि पापडांचं विचारलं.