नसलेल्या परवान्यासाठी अर्ज

नगर, माळीवाडा
सोमवार, दि. १४ फेब्रुवारी १९७२

तीर्थरूप राधाकृष्ण दाजींच्या चरणी मेहुणा गोरक्ष याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व बरे आहेत (मी थोडा कमी). आपली व मुक्ताक्काची प्रकृती उत्तम असावी. आपण बडोद्याच्या दवाखान्याची नोकरी सोडल्याचे कळले. माझ्या या पत्राची वाट पाहिली असती तर बरे झाले असते, पण आता ते राहू द्या.

गुजरातेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाला महाराष्ट्रात परवाना लागतो का, एवढेच आपण विचारून यायला सांगितले होते. मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. (कोणत्या ते लिहीत नाही, पत्र कोणी फोडले तर?) तेथे काकासाहेब नावाचे कारकून पान लावत होते. म्हणाले, "येड्यांचा डॉक्टर का?" मी म्हणालो, वेड्यांचे नव्हेत, मनाचे, गोळ्या देत नाहीत, फक्त बोलतात. "मग नुसतं बोलायला कसला आलाय परवाना? पाटी लावा अन् बसा."

येथे मी उठून यायला हवे होते. पण कोणाच्या तोंडी शब्दावर आक्काचा संसार ट्रंकांत भरून आणायचा, हे मनाला पटेना. म्हणालो, "परवाना लागत नाही, असे लेखी द्या." "जे न्हाईच ते लिहून कसं देऊ, पाव्हणं?" मी चार दिवस रोज गेलो. पाचव्या दिवशी त्यांनी मला पाहताच हात जोडले, "करा, अर्ज करा!" अर्ज तीन प्रतींत केला, एकही खाडाखोड नाही. (तो टपालपेटीत नीट पडला का, हे पाहायला दोनदा परत गेलो. पेटी हलवताना पोस्टमनने हटकले.)

शनिवारी उत्तर आले: 'अशा परवान्याची तरतूद आढळत नाही. सबब प्रकरण मार्गदर्शनार्थ मुंबईस पाठविले आहे. आदेश येईपर्यंत अर्जदाराने व्यवसाय सुरू करू नये.' खाली शिक्का, तोही स्पष्ट उमटलेला. मी धावत गेलो. काकासाहेब म्हणाले, "तुमी इचारलं न्हवतं तवर बंदी न्हवती. आता हाय, अन् लेखी हाय. लेखीच पाहिजे हुतं ना?" आदेश कधी येईल, असे विचारले. "मागं एकानं असंच इचारलं हुतं. तो रिटायर झाला."

आई कोल्हारहून येऊन तुमच्या खोलीला चुना लावत होती. तिला सांगितले, तर हातातला कुंचाही न थांबवता म्हणाली, "लई इचारतूस गोरक्षा तू. लेकीला माघारी यायला मुंबईचा कागद लागतो व्हय?"

आपला आज्ञाधारक,
गोरक्ष

ता. क. : अर्जावर आपली सही लागत होती. आपण बडोद्यात, म्हणून ती मीच केली. नमुना सोबत जोडला आहे. यापुढे तशीच करावी.

दुसरा ता. क. : तरीही लवकर या. घराला कुलूप लावून निघालो की मी वेशीपासून परत येतो आणि ते ओढून पाहतो. गेल्या बुधवारी सात वेळा आलो. छापखान्यात कामावर पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नको, असे मालक म्हणाले आहेत. आपण समोर बसून माझ्याशी बोललात तर बरे वाटेल. मात्र मेहुण्याशी बोलणे व्यवसायात धरतात का, हे काकासाहेबांना विचारायचे राहिले. विचारून ठेवू का?