शेवटची खुडणी

४ मार्च १९९१

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ओल्या फडक्यात गुंडाळून फुशियाची, त्या लोंबत्या फुलांच्या झाडाची, फांदी पाठवतोय. घर सोडताना मी आईच्या कुंडीतून जी काडी आणली, तिचंच हे पिल्लू. तुझ्याकडचं झाड गेल्यापासून तू हळहळतेस, म्हणून.

याचं झुडूप होऊ देऊ नकोस. एकच खोड काठीला सैल बांधून सरळ वाढव, म्हणजे उघडलेल्या छत्रीसारखं झाड होईल. बगलेतले कोंब नखाने काढ. खोडावरची पानं मात्र ठेव, खोड त्यांच्यावर पोसतं. छातीएवढं झालं की शेंडा खुड आणि डोक्यावरच्या फांद्याही दर दोन-तीन पानांवर खुडत राहा. कळी दिसली तरी दया नको. दोन वर्षं हेच. शेवटच्या खुडणीनंतर दोन महिन्यांनी झाड फुलांनी लगडतं. तेव्हा मी रजा काढून येतो. नक्की.

आहेस तशीच रागावत राहा माझ्यावर.
तुझा धाकटा

१८ सप्टेंबर १९९१

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

काडी सव्वीस इंच झाली. शिवणाच्या टेपनेच मोजली. बांधायला ब्लाउजच्या कापडाच्या चिंध्या वापरते, त्यामुळे तिचा थाट गिऱ्हाइकांपेक्षा जास्त आहे. माप द्यायला येणाऱ्या बायका विचारतात, या काठीत एवढं काय ठेवलंय? मी म्हणते, माझा भाऊ सरकारी बागेच्या काचघराचा मुख्य माळी आहे, त्याला विचारा.

काल पहिली कळी खुडली. दिवसभर शिवणात जीव लागला नाही. एक बाही उलटी जोडली. तुला पाहून नऊ वर्षं झाली रे.

जेवणाची आबाळ करू नकोस.
ताई

९ मे १९९३

चि. धाकट्यास आशीर्वाद.

डोकं छान गोल भरलंय. आता शेवटची खुडणी करते. म्हणजे जुलैत ये. पुढच्या खोलीत तुझी खाट टाकली आहे.
ताई

२८ जून १९९३

ती. ताईस नमस्कार.

रजा मिळत नाही. वरचे साहेब ऐकत नाहीत. तू आणखी एकदा खुड, फुलं सप्टेंबरवर जातील. तोवर जमवतो.
धाकटा

२० मे १९९४

धाकट्या,

तुझ्या सांगण्यावरून गेल्या वर्षी तीनदा खुडलं. थंडीत झाड आत घेतलं, फांद्या आखूड केल्या, पुन्हा पालवी आली. परवा परत कात्री घेऊन उभी राहिले, तर फांदीफांदीला कळ्या टपोरल्या होत्या. माझा हात पुढे होईना. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, आणखी किती लांबणीवर टाकू? कात्री खणात ठेवून दिली. आता झाड फुलायचं थांबणार नाही. यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही. रजेची कारणं नकोत.
ताई

१ जून १९९४

ती. ताई,

हे पत्र चार वेळा फाडलं. काचघर दोन वर्षांपूर्वी पाडलं. तिथे आता गाड्या उभ्या राहतात आणि मी त्याच जागेचं फाटक उघडतो, लावतो. तेव्हापासून तुला खुडणी सांगत होतो ती आठवणीतून. माझ्याकडे एक कुंडीही उरली नाही. तू गिऱ्हाइकांना मुख्य माळी म्हणून सांगतेस, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने येऊ? रजा मी कधी मागितलीच नाही.

तरी तुझं पत्र येत राहो.
धाकटा

७ जून १९९४

माझ्या वेड्या धाकट्या,

पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडले, मग मशीनवर डोकं टेकून रडले. गिऱ्हाइकांना मी आजच सांगितलं, भाऊ फाटकावर असतो. कोणाला काही वाटलं नाही. एकीने तर विचारलं, मग परकर केव्हा मिळेल?

झाडाच्या बुंध्यापाशी जाड कोंब फुटलाय. काढायचा की ठेवायचा, मला कळत नाही. पत्रातून सांगू नकोस.

सोमवारी दुपारच्या गाडीने ये. मी फलाटावर असेन. गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, म्हणून बाकावर बसलेली असेन. माझे केस आता पार पांढरे झालेत. कोणी म्हातारी बसलीय असं समजून पुढे निघून जाऊ नकोस.

तुझी,
ताई